कुणाचं कोणतं बोट

"दाखवा हात."

आमच्या टपालमामांचं बोलणं असं सुरू व्हायचं. रामराम त्यानंतर, ख्यालीखुशाली त्याच्याही नंतर. समोरच्याचा पंजा आपल्या हातात घ्यायचा, उजेडाकडे वळवायचा, चष्मा कपाळावर ढकलायचा आणि एकेक बोट पार नाकाशी नेऊन बघायचं. नवख्या माणसाला वाटायचं, चला, फुकटात भविष्य कळतंय. तो हळूच विचारायचा, "काय म्हणते हो रेषा?"

"रेषाच न्हाई राहिली," मामा सांगायचे. "अंगठा बाद. तर्जनी बाद. करंगळीत जरासा जीव हाय, तेवढी जपा."

मामा काही ज्योतिषी नव्हते. भोकर तालुक्यातल्या एका आडगावाचे ते टपालवाले. पत्रं येईनाशी झाली तेव्हा खात्यानं त्यांच्या हातात एक मोबाईल आणि त्याला वायरनं जोडलेली काडेपेटीएवढी काळी डबी दिली. डबीवर बोट ठेवायचं, आत लाल दिवा लागायचा, बोटाचा ठसा इंटरनेटवरून कुठंतरी दूर जायचा आणि तिकडून उत्तर यायचं, की हा माणूस तोच आहे किंवा नाही. तोच असला की बँकेचं काम, दाखल्याचं काम घरच्या ओट्यावर व्हायचं. तुम्ही शहरात बसून हे वाचत असाल तर म्हणाल, यात एवढं काय? पण जन्मभर कापूस वेचलेल्या, खुरपणी केलेल्या, भाकरी थापलेल्या बोटांवर ठसे उरतात कुठं? आणि उरले तरी ते दूर पाठवायला रेंज कुठं होती?

म्हणून मामांच्या पिशवीत टपाल कमी आणि औषधं जास्त. कोरड्या बोटाला खोबरेल, तिखटामिठाच्या बोटाला अर्धं लिंबू, घामट बोटाला विभूती. विभूती खरं तर पूजेची. मामा मोठे शिवभक्त, कपाळावर तीन पट्टे ओढल्याशिवाय उंबरा ओलांडायचे नाहीत. तीच विभूती लोकांच्या बोटांना चोळताना बघून मी एकदा विचारलं, "मामा, देवाला चालतं का हे?"

"देवाला कुठं ठसा द्यावा लागतोय, बाई? ज्याला लागतो त्याला लावून राहिलो."

कुणाचं कोणतं बोट चालतं हे त्यांना तोंडपाठ होतं. नावं विसरायचे, बोटं नाही. रस्त्यात कुणी म्हातारा दिसला की हाक यायची, "काय डावी मधली, कुठं निघाले?" म्हातारासुद्धा ओ द्यायचा. मी त्यांच्या लेखी 'उजवी अनामिका' होते, कारण बाकीची बोटं खडूनं खाल्ली होती. माझ्या नवऱ्यानं कधी इतक्या बारकाईनं माझा हात बघितला नव्हता.

मी मूळची लातूरची. आम्हा लातूरकरांचा एक समज असतो, की शिक्षण काय ते लातुरात, बाकी जिल्ह्यांत नुसत्या शाळा. त्याच तोऱ्यात मी त्या गावच्या शाळेवर हजर झाले आणि पहिल्या आठवड्यात माझा तोरा पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर उतरला. शाळेची माहिती रोज ऑनलाइन भरा असा हुकूम, आणि गावात रेंज यायची ती फक्त टाकीच्या सोळाव्या पायरीवर. पंधराव्या पायरीवर नाही, सतराव्या पायरीवर नाही. मी पदर खोचून, चपला हातात घेऊन, मनातल्या मनात शिक्षण खात्याच्या सात पिढ्या उद्धरत वर चढले, तर सोळाव्या पायरीवर मामा आधीच मांडी ठोकून बसलेले.

"या बाई. सरकतो जरा. लातूरच्या म्हणे तुम्ही? तिकडं घरोघर रेंज असंल."

"असते की!" मी धापा टाकत म्हटलं.

"मग कामून आले इकडं?"

मी फणकारले आणि त्यांना बाजूला सरकायला लावलं. आमची ओळख झाली ती अशी, एका पायरीवर दोघं, चार हात आभाळाकडे करून.

म्हाताऱ्या माणसांना मात्र टाकीवर चढवता यायचं नाही. मामांनी त्यावर डोकं चालवलं. एक जास्तीचा फोन डब्यात घालून दोरीनं टाकीवर चढवायचा, तिथं त्यानं रेंज धरायची आणि खाली मामांच्या फोनला पुरवायची. पहिल्या दिवशी सगळं गाव बघायला जमलं. डबा वर गेला, दोरी खांबाला बांधली, आणि खाली काहीच आलं नाही. मामांनी घरचा स्टीलचा भाकरीचा डबा आणला होता, झाकण घट्ट लावून. "रेंज डब्यात कोंडली," असं त्यांनी लोकांना गंभीरपणे सांगितलं, आणि लोकांनाही ते पटलं. मग मी माझ्या जेवणाच्या डब्याची कापडी पिशवी दिली. ती वर गेली आणि काम झालं. पुढं दोन वर्षं माझ्या पिशवीतून गावाची ओळख पटत होती आणि मी माझा डबा वर्तमानपत्रात गुंडाळून नेत होते.

पुढच्या काळात रेंज हळूहळू टाकीवरून खाली उतरली. एसटी नाही का, आधी फाट्यापर्यंत येते, मग वेशीपर्यंत, मग गावात, तशीच ती आली. आधी मारुतीच्या पारावर. मग शाळेच्या दक्षिणेच्या खिडकीत. मामा रोज सकाळी फोन डोक्यावर धरून गावभर फिरायचे, नदीला पूर आल्यावर पाणी कुठवर चढलं ते बघायला जावं तसे. जिथं रेंज लागायची तिथं भिंतीवर किंवा दगडावर खडूनं फुली मारायची. खडू अर्थात माझ्या वर्गातला. लग्न होऊन पुण्या-हैदराबादकडे गेलेल्या लेकींशी बोलायला बाया त्या फुल्यांवर उभ्या राहायच्या. एका फुलीवर तर रांग लागायची, आणि मागची बाई पुढचीला "आटप की, काय जन्माचं बोलून राहिली," असं म्हणायची. ग्रामपंचायतीत तर जमिनीखालून तार टाकून इंटरनेटची पेटीच आली. ती कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली एकानं खिशात घालून लेकाकडे मुंबईला नेली. पेटी बिचारी वर्षभर आतल्या आत हिरवा दिवा लावून बसली होती.

आता गयाबाईंची गोष्ट सांगते, कारण मामा खरे कळले ते तिथं.

गयाबाईंचा नवरा रेल्वेत गँगमन होता. तो गेल्यावर त्यांना पेन्शन लागली. घरात लेक आणि सून होती, चांगलीच होती, पण गयाबाई म्हणायच्या, "ही माझी सोताची हाय. ल्येकापुढं हात पसरावा लागत न्हाई." ती चालू राहायची तर दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे आपण जिवंत आहोत असं दाखवावं लागतं. गयाबाई त्यासाठी फाट्यापर्यंत चालत, तिथून एसटीनं नांदेडला जायच्या आणि बँकेत दिवसभर उभं राहून जिवंत असल्याचं सिद्ध करून यायच्या. त्या वर्षी दसऱ्यानंतर त्या परसात घसरल्या, गुडघ्याला पट्टा बसला, आणि दोन महिने घराबाहेर पाऊल टाकायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं.

मामांनी त्यांच्या ओट्यावर बसून शब्द दिला. "मावशे, फिकीर करू नका. आता नांदेड बंद. डबीवर बोट ठेवायचं, घरबसल्या दाखला जातो. या वट्यावरून तुमाला जितं ठेवायची जबाबदारी माझी."

"मी जिती हाय हे त्या डबीला सांगायला लागतंय व्हय?" गयाबाईंची जीभ फार तिखट. "हिकडं धाडून दे डबीला. दोन शिव्या दिल्या म्हंजी वळखंल."

डबीला शिव्या कळल्या नाहीत. बोटंही कळली नाहीत. उजव्या हाताची पाच, डाव्या हाताची पाच, खोबरेल, लिंबू, विभूती, सगळं झालं. प्रत्येक वेळी फोनवर तेच यायचं, ठसा जुळत नाही. मामांच्या आयुष्यात दहाही बोटं बाद असलेलं माणूस पहिल्यांदाच आलं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि वैद्यासारखा इलाज सांगितला. आठ दिवस भाकरी थापायची नाही, भांड्याला राख लावायची नाही, लसूण सोलायचा नाही. दोन्ही वेळा बोटांना लोणी चोळायचं. कातडी वर येईल.

या इलाजानं गयाबाईंच्या बोटांना काय झालं ते नंतर सांगते, गावाला काय झालं ते आधी ऐका. गयाबाई आठ दिवस खाटेवर बसून लोणी चोळत आहेत आणि सून भाकरी थापते आहे, हे दृश्य गल्लीतल्या बायांनी बघितलं. चौथ्या दिवशी मामांच्या दारात बारा-तेरा बाया. "मामा, माझी बी बोटं बघा. माझी बी बाद झाली असतील." मामा बिचारे खरं बोलणारे. हात बघितले आणि म्हणाले, "झिजलेत खरे." एवढं ऐकायचा अवकाश. त्या आठवड्यात अर्ध्या गावातल्या पुरुषांनी भाकऱ्या थापल्या. आमच्या शाळेच्या अध्यक्षांनी थापलेली भाकरी मी बघितली आहे, मराठवाड्याचा नकाशा बरा. मामांना पारावर घेरून लोकांनी विचारलं, "हे काय सुरू केलं? बोटं सुधरायला गेले आन् घरं बिघडवून राहिले!" मामा म्हणाले, "मी फक्त हात बघितले. ते तुमी लग्नापासून का न्हाई बघितले?"

आठ दिवसांनी गयाबाईंची बोटं लहान बाळासारखी मऊ झाली. डबीवर ठेवली. जुळत नाही.

त्या संध्याकाळी मामा शाळेत आले आणि पोरांच्या बाकावर बसले. पिशवी खाली ठेवली नाही, मांडीवरच धरली. महिना संपायला नऊ दिवस उरले होते. "बाई, इतकी वर्षं टपाल वाटलं, कुणाचं एक कारड हरवलं न्हाई माझ्या हातून," ते म्हणाले. "आता ही मावशी हरवली तर तोंड कुठं दाखवू?"

आणि मला तेव्हा आठवलं. आठवलं म्हणजे काय, मनात कुठंतरी होतंच, मी बघत नव्हते. मी गावात नवी असताना आधार कार्डं काढायचं शिबिर आमच्याच शाळेत भरलं होतं आणि रांग लावायचं काम माझ्याकडे होतं. दुपारी वीज जायच्या बेतात, रांग पार वेशीपर्यंत, आणि गयाबाईंचा उजवा हात काही केल्या उमटेना. मशीनवाला खेकसला. मागं त्यांची थोरली जाऊ उभी होती. दोघींचं तेव्हा फार सख्य. थोरलीनं मागून हात पुढं घातला आणि म्हणाली, "ही घे माझी बोटं. तिचं-माझं काय येगळं हाय? एका चुलीवरच्या हाव आमी." मशीनवाल्यानं घाईत ती बोटं उमटवून घेतली. आणि मी, लातूरची शिकलेली बाई, काय म्हणाले? "चला, पुढचं कोण?"

मी मामांना हे सगळं सांगितलं. माझे कान तापले होते. मामा मला रागावतील असं वाटलं होतं. ते तर हसायलाच लागले, इतके की पिशवीतलं लिंबू बाहेर पडलं. "म्हंजी उजवा हात थोरलीचा, डावा झिजलेला. मी ज्याला लोणी लावून राहिलो तो हातच कागदावर दुसऱ्या बाईचा! थोरलीचं कारड पुढं कसं झालं?"

"तिनं बहुतेक डाव्या हातावर भागवलं असेल. मशीनलाही कधी डुलकी लागत असेल, मामा."

खरी पंचाईत पुढेच होती. त्या दोघी जावा नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. थोरलीची शेळी अंगण ओलांडून आली आणि धाकटीच्या, म्हणजे गयाबाईंच्या, वाळत घातलेल्या कुरडया खाऊन गेली. एवढंच कारण. तेव्हापासून दोन अंगणांच्या मधे छातीएवढी भिंत उभी होती आणि भिंतीपलीकडे बघायचं नाही असा दोन्हीकडचा नेम होता.

कार्डावरची बोटं रीतसर बदलून घ्यायची तर भोकरला जायला हवं होतं, आणि गयाबाईंना पाऊल टाकायची मनाई. शिवाय बदल होऊन यायला लागणारे दिवस हातात नव्हते. गावानं लगेच सोपी वाट सुचवली. थोरलीला बोलवा, तिचं बोट ठेवा, अर्ध्या मिनिटाचं काम. मामांनी मान हलवली. "बोट एकीचं आन् जीव दुसरीचा, आसा दाखला माझ्या हातून जानार न्हाई. चूक एकदा झाली. मी ती दुसऱ्यांदा करू का?"

त्यांना फार ताणावं लागलं नाही, कारण गयाबाईच गरजल्या. "तिच्या बोटानं जिती व्हायची? त्यापरीस मेलेली बरी!"

भिंतीपलीकडून आवाज आला, कुणालाही उद्देशून नसलेला. "मागाया तर येऊ द्या. मी बी देनार न्हाई म्हनावं."

मामा दुसऱ्या दिवशी नांदेडला गेले, मोठ्या कचेरीत विचारायला. परत आले ते वेगळंच ऐकून. आता बोटाचं अडलं तर चेहऱ्यावरही ओळख पटते. फोनच्या कॅमेऱ्यासमोर बसायचं, सांगेल तसं करायचं, झालं. फक्त रेंज भक्कम हवी आणि मधे तुटता कामा नये. गयाबाईंच्या अंगणात तेव्हा एक काडी यायची आणि कुणी शिंकलं तरी जायची. कपाटातली पेटी उघडावी म्हणून मामांनी मुंबईला फोन लावला. किल्लीवाल्यानं किल्ली कुरिअरनं पाठवतो म्हणून सांगितलं. मामांना ते फार लागलं. "टपालवाल्याला सांगून राहिलाय कुरियरनं पाठवतो!"

महिन्याला चार दिवस उरले असताना मामा नेहमीप्रमाणे सकाळी शाळेतून खडू घेऊन निघाले. मी हजेरी घेत होते. अर्ध्या तासानं ते दारात येऊन उभे राहिले. चेहरा असा की मला वाटलं, गयाबाईंचं काहीतरी झालं.

"बाई, फुली कुठं मारू?"

"म्हणजे?"

"शाळेपासून निघालो. रेंज हाय. पारावर गेलो, हाय. बौद्धवाडा, हाय. वडारवस्ती, हाय. गयामावशीचं अंगण, फुल्ल काड्या. म्हनलं पुढं तुटंल. नाल्यावर गेलो, मसनवट्यात गेलो. तिथं बी हाय." त्यांनी हात उघडला. खडू न झिजता तसाच्या तसा होता. "आता कुठं सुरू हुतीय आन् कुठं संपतीय, काय कळंना झालंय."

फाट्यावर कित्येक महिने नुसता उभा असलेला टॉवर रात्रीतून कुणीतरी चालू केला होता. गावाला न सांगता. ना नारळ, ना फीत. सोळाव्या पायरीपासून मसनवट्यापर्यंत यायला रेंजला दहा वर्षं लागली, आणि ती पोचली तेव्हा तिचं स्वागत करायला एकच माणूस हजर होता, हातात खडू घेतलेला. मला तेव्हा त्यांचं फार कौतुक वाटलं आणि ते मी बोलून दाखवलं नाही, याची आजही चुटपुट आहे. मी फक्त म्हटलं, "मामा, मग इथं काय उभे राहिलात? चला की!"

पोरांना मधली सुट्टी आधीच देऊन मी त्यांच्यामागं गेले. गयाबाई ओट्यावर बसल्या. मामांनी फोन समोर धरला. पहिली अडचण पदराची. कपाळावरचा पदर मागं घ्या म्हटल्यावर गयाबाई म्हणाल्या, सासऱ्यानं बघितलं न्हाई ते तुझ्या फोनला कामून दावू? सुनेनं समजूत घातली. पदर मागं गेला. दुसरी अडचण म्हणजे फोन सांगत होता, डोळ्यांची उघडझाप करा. आणि गयाबाई डोळे ताठ उघडे ठेवून बसलेल्या.

"मावशे, डोळे झाका-उघडा."

"फोटूत डोळे झाकायचे नसत्यात," गयाबाई ओठ न हलवता बोलल्या. जन्मात त्यांचे तीन फोटो निघाले होते आणि तिन्ही वेळा फोटोवाल्यानं दरडावलं होतं, डोळे मिटू नका. एकदा मिटले म्हणून दुसऱ्यांदा नांदेडला जावं लागलं होतं. तो धडा त्यांनी असा गिरवला होता की आता डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी पापणी हलेना.

"हा फोटू न्हाई, मावशे. हे बगा, आसं." मामा फोनमागून स्वतःच डोळे मिचकावायला लागले. सून मिचकावू लागली. मी मिचकावू लागले. अंगणात जमलेल्या सगळ्या बाया डोळे झाकू-उघडू लागल्या. दारातून एखादा परका आत आला असता तर साथ आली म्हणून पळाला असता. एकट्या गयाबाई, ज्यांना झाकायचे होते त्या, टक लावून बसलेल्या. वेळ संपली. पुन्हा पहिल्यापासून. तीनदा झालं. मामांच्या कपाळावरचे विभूतीचे पट्टे घामानं ओघळून भुवयांत उतरले होते.

आणि भिंतीवर एक डोकं वर आलं.

"अगं ए धाकटे!" थोरली ओरडली. "नऊ वर्सं मला बगून डोळे फिरवून राहिली, आन् आता नुसते झाकायला काय झालं तुला?"

गयाबाईंची मान वळणार होती, मामा ओरडले, "हलू नका!" मान तिथंच थांबली. पण चेहऱ्यावर काहीतरी झालं. आधी राग आला, मग तो ओठांच्या कोपऱ्यात अडकला, आणि नऊ वर्षांचं हसू फुटलं. हसता हसता डोळे आपोआप मिटले आणि उघडले.

फोन हिरवा झाला.

मामा तिथंच जमिनीवर बसले. "गेला," एवढंच म्हणाले. दाखला गेला होता. गयाबाई हयात होत्या, तसं वरून कबूल झालं होतं. भिंतीवरून थोरलीनं चहाची बशी पुढं केली, तीसुद्धा कुणाकडे न बघता. गयाबाईंनी ती घेतली आणि म्हणाल्या, "साखर कमी हाय."

पुढं मामांच्या विद्येला गिऱ्हाईक उरलं नाही. चेहऱ्यानं कामं होऊ लागली, घरोघरचे फोन चालू लागले, पोरी आपापल्या आज्यांचे दाखले शेतातून पाठवू लागल्या. मी मामांना चिडवायचे, "तुम्ही रेंज रेंज करत गावाला शहाणं केलं आणि स्वतः बेकार झालात." ते म्हणायचे, "हाव की. लेकरू चालायला लागल्यावर कडेवर घ्यावं लागत न्हाई. कडेला बरं वाटतंय." तरी मुलांना परीक्षेचा निकाल फोनवर बघायला शिकवत ते शाळेच्या ओट्यावर बसलेले असायचे. आमची एक मुलगी इथूनच ऑनलाइन शिकवण्या बघून लातूरच्या कॉलेजात लागली, तेव्हा मामांनी मला पेढा दिला आणि विचारलं, "काय लातूरकर, आमची पोरगी बी पोचली की तुमच्या लातुरात?"

पुढच्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मामा गेले. दुपारी जेवून उठले, बाजेवर टेकले आणि परत उठले नाहीत. बातमी सगळीकडे लगेच कळली. पुण्याला, हैदराबादला, मुंबईच्या त्या किल्लीवाल्याला. कुणालाही त्यासाठी कुठंही चढावं लागलं नाही.

नोव्हेंबर आला. गयाबाईंनी मला निरोप पाठवला. लेकाच्या फोनवर होण्यासारखं काम होतं, पण त्यांना मीच हवी होते. मी गेले. मधली भिंत गुडघ्याएवढी उरली होती. ती मुद्दाम कुणी पाडली नव्हती. रोज ओलांडून ओलांडून ढासळली होती. थोरली शेजारी लसूण सोलत बसली होती. मी माझा फोन समोर धरला. गयाबाईंनी न सांगता पदर मागं घेतला.

फोननं सूचना दिली, चेहरा स्पष्ट दिसत नाही. मी जरा पुढं सरकले. पुन्हा तेच. काच पुसली, उजेडाकडे वळवलं. पुन्हा तेच. मग मी फोन खाली केला आणि नुसत्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. गयाबाई फोनकडे बघत नव्हत्या. फोनच्या मागं, जिथं माणूस उभा राहतो तिकडे बघत होत्या, आणि डोळे भरून वाहत होते.

"मेला, घरबसल्या आमाला जितं ठेवतो म्हनला," त्या थोरलीला म्हणाल्या, "आन् सोताच गेला की गं आक्का."

थोरलीनं लसणाचे हात लुगड्याला पुसले आणि आपल्या पदरानं त्यांचे डोळे टिपले. ते पुन्हा भरले. फोन वाट बघून बंद झाला. मी तो पुन्हा लावला नाही, ओट्यावर ठेवून दिला आणि त्यांच्याजवळ बसले.

"ऱ्हाऊ द्या, बाई," थोरली म्हणाली. "आज न्हाई व्हायचं. उद्या या."